पांढऱ्या कोटातले सगळेच डॉक्टर नसतात

दोस्तांनो, आज एक मोजणीचा खेळ खेळू या. समजा, सुट्टीत तुम्ही आंब्याच्या झाडावर चढलात आणि फांदी मोडून धपकन खाली आलात. मनगटाचं हाड मोडलं. (कुणी खरंच पडू नका हं, नुसतं समजा!) आई रडते आहे, बाबा मोटारसायकल काढताहेत आणि तुम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं आहे. आता बोटांवर मोजा, तिथे तुमच्या हाताला कोण कोण हात लावतं?

एक ताई तुमचा हात काळ्या पाटीवर अलगद ठेवते, ‘हलू नकोस रे राजा’ म्हणते आणि पडद्याआड जाऊन बटण दाबते. झाला एक्स-रे. दुसरा एक दादा रक्त काढतो. डॉक्टर फोटो उजेडात धरून पाहतात, हाड नीट बसवतात. प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळायला आणखी एक जण मदतीला असतो. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं, तर काय! मनगट काही वळत नाही. मग एक बाई रोज तुमच्याकडून मऊ चेंडू दाबून घेतात, पाण्याची बाटली उचलायला लावतात. पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा गोट्या खेळायला मोकळे!

आता सांगा, या सगळ्यात डॉक्टर तुमच्याबरोबर किती वेळ होते? फार तर वीस मिनिटं. बाकीचा सगळा वेळ ज्यांनी तुम्हाला सांभाळलं, ती माणसं कोण? डॉक्टर नव्हेत आणि नर्सही नव्हेत. आपल्याकडे त्यांना सरसकट ‘पॅरामेडिकलवाले’ म्हणतात. इंग्रजीत आता ‘अलाइड हेल्थ’ म्हणजे आरोग्याच्या कामातले सोबती असं नाव रूढ झालं आहे. मला सोबती हा शब्द जास्त आवडतो.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. दरवर्षी जूनमध्ये वर्गाला विचारते, ‘मोठेपणी कोण होणार?’ डॉक्टर, पोलीस, बाई, इंजिनिअर अशी उत्तरं ठरलेली. अलीकडे ‘जेसीबी चालवणार’ म्हणणारे दोघे-तिघे असतातच, आणि तेच सगळ्यात ठामपणे सांगतात! पण ‘मी एक्स-रे काढणार’ किंवा ‘मी रक्त तपासणार’ असं आजवर एकाही पोरानं म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कसं? हे काम कुणी शिकतं, त्याची शाळा असते, परीक्षा असते, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि पालकहो, खरं सांगायचं तर तुमच्यापैकीही पुष्कळांना ते बारावीचा निकाल लागल्यावर, नीटचे गुण कमी पडल्यावर, घाईघाईत कळतं. घाईत घेतलेला प्रवेश म्हणजे अंधारात घेतलेली चप्पल. म्हणून हा लेख आजच, निवांतपणे वाचा.

टोप्यांचे रंग

मागच्या वर्षी आमच्या चौथीच्या मुलांना आम्ही जवळच्या रुग्णालयाची प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. मुलांना सर्वांत आवडल्या त्या रक्ताच्या नळ्या. कारण त्यांना रंगीत टोप्या होत्या! जांभळी, लाल, करडी, फिकट निळी. पोरांना वाटलं, शोभेसाठी. पण तसं नाही बरं का.

जांभळ्या टोपीच्या नळीत एक रसायन आधीच घातलेलं असतं. ते रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट मोजायच्या तर रक्त पातळच राहायला हवं ना? डेंग्यूच्या साथीत ‘प्लेटलेट किती?’ असं जो तो विचारतो, तो आकडा या नळीतून येतो. लाल टोपीच्या नळीत उलट रक्त मुद्दाम गोठू देतात आणि वर जे पिवळसर पाणी सुटतं ते तपासायला घेतात. करड्या टोपीची गंमत तर ऐकाच. ती साखर तपासण्यासाठी. रक्त अंगाबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि नळीतली साखर खात बसतात! नळी दोन तास तशीच पडली तर साखर खऱ्यापेक्षा कमी दिसणार. म्हणून करड्या नळीत फ्लोराइड घालून त्या खादाड पेशींचं तोंड बंद करतात. फिकट निळी नळी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी. ती अगदी खुणेपर्यंतच भरावी लागते. थोडं कमी-जास्त झालं की औषध आणि रक्त यांचं प्रमाण बिघडतं आणि उत्तर चुकतं.

आता विचार करा. चुकीच्या नळीत रक्त घेतलं, किंवा एकाच्या नळीवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं, तर पुढे कितीही हुशार डॉक्टर असोत, औषध चुकीचंच देणार. रक्तगटाचं तर विचारूच नका. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानं १९०१ साली रक्ताचे गट दाखवून दिले. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे नशिबाचा खेळ होता. आज तो खेळ राहिलेला नाही, पण तो खेळ होऊ न देणं प्रयोगशाळेतल्या त्या दादाच्या हातात असतं. तो तुम्हाला तुमचं नाव माहीत असूनही पुन्हा विचारतो. तेव्हा वैतागू नका. तो विसरभोळा नाही. तो शिकलेला आहे.

एक्स-रेवाल्या ताईच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो, तोही मुलांनी बरोबर हेरला. तिच्या अंगावर किती किरण पडले, याची नोंद त्या बिल्ल्यात होते. दर तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवतात. १८९५ च्या डिसेंबरात विल्हेल्म रोंटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा पहिला प्रसिद्ध फोटो काढला, तेव्हा हे किरण अंगाला बाधतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुवातीच्या कितीतरी लोकांनी त्यापायी बोटं गमावली. आज ती ताई पडद्याआड का जाते, ते कळलं ना?

फलटणच्या कमलाबाई

कमलाबाई निंबकरांचं नाव तुम्ही ऐकलंय का? फलटणच्या मुलांनी तरी नक्की ऐकलं असेल, त्यांच्या नावाची शाळाच तिथे आहे. कमलाबाई जन्मानं अमेरिकन. मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. चाळिशी ओलांडल्यावर, म्हणजे तुमच्या आईपेक्षाही मोठ्या असताना, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या! अमेरिकेत जाऊन ‘ऑक्युपेशनल थेरपी’ शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाची शाळा काढली. आशियातली ती पहिली. १९५२ मध्ये या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारताचं नाव होतं. पुढे १९५३ साली केईएममध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, फिजिओथेरपीची देशातली पहिली शाळा सुरू झाली. पोलिओनं पाय लुळे पडलेली मुलं तेव्हा गावोगाव होती. औषध नव्हतंच. त्या मुलांना पुन्हा उभं करायचं तर व्यायाम शिकवणारे, पट्ट्या नि कुबड्या बसवणारे हात हवे होते. आज ती गोष्ट आपल्याला जुनी वाटते, कारण लस आली आणि २०११ च्या जानेवारीनंतर देशात रानटी पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडलेला नाही. पण ते हात आजही लागतातच.

फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांत फरक काय, असं पालक नेहमी विचारतात. अगदी सोप्या शब्दांत सांगते. हात वर जात नसेल तर तो वर जावा म्हणून स्नायूंवर, सांध्यांवर काम करतो तो फिजिओथेरपिस्ट. आणि त्या हातानं शर्टाचं बटण लागावं, भाकरीचा तुकडा मोडता यावा, पेन्सिल धरता यावी म्हणून धडपडतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याची बोटं ताठ असत. पेन्सिल निसटायची, मग तो चिडायचा आणि वही भिरकावून द्यायचा. शहरातल्या थेरपिस्ट ताईंनी एवढंच केलं, पेन्सिलीला जाड फोमची नळी चढवली आणि डेस्कावर वही चिकटपट्टीनं पक्की केली. खर्च दहा रुपये! दिवाळीच्या आत गडी स्वतःचं नाव लिहू लागला. मला डी.एड.ला बालमानसशास्त्राचा अख्खा विषय होता, पण हे त्यात नव्हतं.

कान तपासणाऱ्यांचंही तेच. ‘हा मुलगा वर्गात लक्ष देत नाही’ हे वाक्य शिक्षकखोलीत फार स्वस्त आहे. त्यातल्या एखाद्याला खरोखर ऐकूच कमी येत असतं. ते शोधणारा असतो ऑडिओलॉजिस्ट. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच शिकवते. मूल जेवढ्या लवकर तपासलं जाईल, तेवढं बोलणं लवकर येतं, कारण ऐकल्याशिवाय बोलणं येत नाही.

आणखीही कितीतरी आहेत. डायलिसिसच्या यंत्राशेजारी बसणारे तंत्रज्ञ घ्या. एका माणसाचं रक्त एकदा धुवायला साधारण चार तास आणि सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं तोच रुग्ण, तोच तंत्रज्ञ. नातलगांपेक्षा त्यांची ओळख दाट होते. चष्म्याचा नंबर काढणारे, शस्त्रक्रियेच्या खोलीत हत्यारं आणि भूल देण्याचं यंत्र सज्ज ठेवणारे, आहार ठरवणारे... यादी संपायची नाही, म्हणून इथेच थांबते.

शिडी कशी आहे?

आता थोडं किचकट. पण दहावी-बारावीच्या मुलांनी आणि पालकांनी हे दोनदा वाचावं.

या कामाच्या शिक्षणाला चार पायऱ्या आहेत. प्रमाणपत्र, पदविका, पदवी आणि पदव्युत्तर पदवी. पहिली पायरी काही महिन्यांची. पदविका म्हणजे डिप्लोमा, उदाहरणार्थ प्रयोगशाळेसाठी डी.एम.एल.टी. पदवी तीन ते पाच वर्षांची. तिच्यावर दोन वर्षांची मास्टर्स. आपल्या राज्यात नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी यांच्या पदव्या आणि पदव्युत्तर पदव्या ते देतं. लक्षात ठेवा, या तीन विषयांच्या पदवीचे प्रवेशही महाराष्ट्रात नीटच्या गुणांवरच होत आले आहेत. ‘डॉक्टरकी नाही मिळाली तर अभ्यास न करताही मिळेल’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो गैरसमज आजच सोडावा.

फार वर्षं या क्षेत्राला एकच असा कायदा नव्हता. कुणीही बोर्ड लावावा, कुणीही कोर्स काढावा. २०२१ साली संसदेनं त्यासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात पन्नासहून जास्त व्यवसायांची दहा गटांत मांडणी आहे आणि शिक्षणाचे तासही ठरवून दिले आहेत. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणवून घ्यायला किमान २००० तास, दोन ते चार वर्षांत. फिजिओथेरपिस्टसारख्या हेल्थकेअर प्रोफेशनलला किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. मी शिक्षिका असल्यामुळे मला तासांची भाषा लगेच कळते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गाला वर्षाला १००० तास शिकवायचं असतं. म्हणजे २००० तास म्हणजे तुमची अख्खी सहावी आणि सातवी! आता कुणी ‘सहा महिन्यांत, फक्त रविवारी, तंत्रज्ञ व्हा’ अशी जाहिरात दाखवली तर गणित तुम्हीच करा.

मास्टर्स करावं की नाही?

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी चौथीत असलेली एक मुलगी आता तेवीस-चोवीस वर्षांची आहे. प्रयोगशाळा तंत्रज्ञानात बी.एस्सी. झाली आणि दोन वर्षं एका खासगी लॅबमध्ये काम करते आहे. एप्रिलमध्ये ती आणि तिचे वडील एक गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी आले. ‘मास्टर्स इन अलाइड हेल्थ, घरबसल्या, दीड वर्षात’. वडील म्हणाले, “बाई, एफडी मोडतो. पोरगी मास्टर्स झाली म्हणजे कायमची चिंता गेली. तुम्ही काय म्हणता?” ती एफडी धाकट्याच्या शिक्षणासाठी होती, हे मला ठाऊक होतं.

आम्ही ते पत्रक ओळ न् ओळ वाचलं. सोळा पानं होती. हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो भरपूर, पण पदवी कोणतं विद्यापीठ देणार, हे कुठेच नव्हतं. प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, तेही नव्हतं. आणि मुख्य म्हणजे ‘घरबसल्या’! विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की या कायद्याखाली येणारे आरोग्याचे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन चालवता येणार नाहीत. मला तो निर्णय शंभर टक्के पटतो. पोहणं पत्रानं शिकता येत नाही, तशी शीर शोधणंही पत्रानं शिकता येत नाही.

मी तिला दुसरं विचारलं. “अगं, मास्टर्स कशातलं?” कारण नुसतं ‘अलाइड हेल्थ’ म्हणजे नुसतं ‘किराणा’ म्हटल्यासारखं. गूळ की साबण? रोगजंतूंचा अभ्यास वेगळा, रक्ताचा वेगळा, शरीरातल्या रसायनांचा वेगळा. रुग्णालय चालवण्याचं व्यवस्थापन आणखीनच वेगळं. नाव जेवढं मोघम, तेवढी पुढे नोकरी देणाऱ्याला ती पदवी कमी कळते.

मग मास्टर्स कुणी करावं? काही कामांत ते नियमानंच लागतं. कर्करोगावर किरणांचा उपचार देतात ना, तिथे किती किरण, कुठून, किती वेळ, याचा हिशोब करणारा मेडिकल फिजिसिस्ट असतो. त्याला पदव्युत्तर शिक्षणाशिवाय ते काम करताच येत नाही. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.नंतर त्यासाठी खास पदविका घेता येते. तुमच्यापैकी ज्यांना जीवशास्त्र नकोसं आणि गणित हवंसं वाटतं, त्यांनी ही वाट लक्षात ठेवा. ही वाट फारच थोड्या मुलांना ठाऊक असते. कॉलेजात शिकवायचं असेल तरी मास्टर्स हवं. फिजिओथेरपीत मेंदूच्या आजारांचे रुग्ण, लहान मुलं, खेळाडू अशा एकाच शाखेत खोल जायचं असेल तर मास्टर्सची दोन वर्षं सार्थकी लागतात, कारण ती रुग्णांमध्ये जातात.

पण ‘नावापुढे अक्षरं वाढली’ एवढ्यासाठी कर्ज काढणं मला पटत नाही. मी स्वतः पदविकाधारक आहे, त्यामुळे हे जरा मोकळेपणानं बोलू शकते. पदविकेवाल्यांचा हात कच्चा नसतो. पंधरा वर्षं काचेवर रक्त पसरणारा डी.एम.एल.टी. काका नव्या एम.एस्सी.वाल्याला पुष्कळ काही शिकवेल. तरी एक कबूल करायलाच हवं. बढतीच्या खुर्चीपाशी पोचलं की कागद विचारला जातो आणि तिथे अनुभवाला गप्प बसावं लागतं. दोन्ही खरं आहे. म्हणून माझं मत असं, की आधी पदवी घ्यावी, मग निदान दोन वर्षं काम करावं, रात्रपाळ्या कराव्यात, कोणत्या टेबलावर आपलं मन रमतं ते पाहावं आणि मगच त्या टेबलाचं मास्टर्स शोधावं.

रात्रपाळीचं नाव निघालंच आहे तर कष्टाचंही सांगते. खासगी लॅबमध्ये सुरुवातीचा पगार ऐकून पालकांचा चेहरा उतरतो. सणावाराला ड्यूटी असते. सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून शिकायला लागतानाच काविळीच्या बी प्रकाराविरुद्धची लस घ्यावी लागते, तिचे तीन डोस असतात. नातलगांचा राग डॉक्टरवर निघत नाही, तो समोर सापडलेल्या या माणसांवर निघतो. आणि आभार? ते मात्र डॉक्टरांना!

असिस्टंट म्हणजे कंपाउंडर का?

परदेशातल्या नातेवाइकांमुळे घरात आणखी एक शब्द येतो, ‘मेडिकल असिस्टंट’. इथे मोठा घोटाळा होतो, सावध राहा. अमेरिकेत मेडिकल असिस्टंट म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात वजन, रक्तदाब घेणारा, नोंदी ठेवणारा, इंजेक्शनला मदत करणारा. त्याचं शिक्षण बहुतेक वर्षभराचं. आणि ‘फिजिशियन असिस्टंट’ हा वेगळाच प्राणी! तो डॉक्टरांबरोबर काम करताना रुग्ण तपासतो, औषधं लिहून देतो आणि तिथे त्याला मास्टर्सच लागतं. त्याची सुरुवात १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी केली. नौदलात जखमींची शुश्रूषा करून परतलेले चौघे जण हे त्यांचे पहिले विद्यार्थी. त्या माणसांच्या हातात कसब होतं, फक्त कागद नव्हता. स्टेड यांनी त्यांना रीतसर शिकवलं. भारतात असा अभ्यासक्रम १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला. आपल्या २०२१ च्या कायद्यात ‘फिजिशियन असोसिएट’ या नावानं तो आहे. पण आपल्याकडे तो डॉक्टर नव्हे आणि स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा परवाना तर मुळीच नव्हे. तसं कुणी सांगत असेल तर त्याला नमस्कार करून उठा.

हे वाचून आजोबांना आठवण येईल ती कंपाउंडरची. गुलाबी मिक्श्चरच्या बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवून ‘एक खूण सकाळी, एक खूण रात्री’ सांगणारे कंपाउंडरकाका! डॉक्टर परगावी गेले तर सगळं गाव त्यांच्याच पायरीवर. त्यांचं ज्ञान पाहून पाहून आलेलं, लोकांचा भरवसाही मोठा. पण ते काय शिकले, किती शिकले, कुणी तपासलं, याची नोंद कुठेच नव्हती. आजची ही शिडी म्हणजे त्या कामाला आलेलं गुणपत्रक आहे, असं मला वाटतं.

पालकहो, प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजात जा आणि एवढं तरी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? रुग्णालय स्वतःचं आहे की करार आहे, आणि कराराचा कागद दाखवाल का? मागच्या दोन वर्षांची मुलं आज कुठे काम करतात, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नावर कार्यालयातला माणूस ज्या रीतीनं बोलतो, त्यावरून निम्मं कळतं. आणि मुलांनो, अकरावीत विज्ञान घेताना जीवशास्त्र सोडू नका. सोडलंत तर यातल्या बहुतेक वाटा तिथेच बंद होतात.

माझ्या त्या विद्यार्थिनीनं पत्रक परत केलं. एफडी जिथल्या तिथे आहे. लॅबमध्ये तिनं मालकांना विनंती करून रोगजंतू वाढवून पाहतात त्या टेबलावर बदली मागून घेतली आहे. मागच्या रविवारी आली होती तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी दोन सरकारी महाविद्यालयांची माहिती काढून आली होती. एकाची फी परवडते, पण ते गावापासून लांब आहे. दुसरं जवळ आहे, पण तिथे जागा थोड्या. वडील म्हणतात, लांब असलं तरी चालेल, वसतिगृह तेवढं बघून येऊ. पुढच्या आठवड्यात दोघं एसटीनं निघणार आहेत.